थोरलीचं मुकं वर्ष

थोरलीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. घरात गजर नव्हता. भिंतीपलीकडे धाकटी कूस बदलायची, तिची खाट करकरायची आणि थोरली उठून बसायची. जावेच्या खाटेने आपल्याला जाग येते हे तिने मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

ती डेपोत बस धुवायची. बस धुणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. आधी मागच्या सीटपासून पुढे कोरडा झाडू. मग सीटखाली चिकटलेला च्युइंगम खरवडायचा. त्यासाठी तिच्याकडे एक लोखंडी पट्टी होती, दगडावर घासून धार लावलेली. कुणाला गाडी लागली असेल तर तेही तिनेच काढायचं. मग टप, मग काचा, मग पत्रा आणि सगळ्यात शेवटी चाकं. नव्या बायका आधी चाकांना हात घालायच्या, कारण चाकं डोळ्यांत भरतात. मग टपावरचा चिखल ओघळून चाकांवर यायचा आणि काम दुप्पट व्हायचं. थोरली एकदा सांगायची. दुसऱ्यांदा नुसती बघत उभी राहायची, आणि ते सांगण्यापेक्षा वाईट होतं.

धाकटी शिवणकाम करायची. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरलीचा गेला, धाकटीचा होता, पण असून नसल्यासारखा. घर एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. मागचा नळ मात्र सामायिक राहिला. भांडण कशावरून लागलं हे दोघींनाही धड आठवत नव्हतं. थोरली म्हणायची भिंतीवरून, धाकटी म्हणायची भिंत तर भांडणामुळे आली. एक नळावर आली की दुसरी बादली उचलून आत जायची. पाणी बारीक असेल त्या दिवशी मात्र कुणीच हलायची नाही.

आणि या दोघींकडे मिळून एक पद होतं.

डेपोमागच्या मैदानात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी रस्सीखेच व्हायची. एका बाजूला डेपोची गल्ली, दुसऱ्या बाजूला रुळांपलीकडचे गोदामवाले. आजे खेळले, बाप खेळले, आता नातू खेळत होते. कप नाही, बक्षीस नाही. हरलेल्यांनी चहा पाजायचा आणि महिनाभर ऐकून घ्यायचं. खेळाची पदं तीन: शिट्टी, रेघ आणि दोर. शिट्टी न्हाव्याकडे. रेघ गवंड्याकडे, चुना तोच टाकायचा. पूर्वी एकदा दोर तुटला होता तेव्हापासून गवंड्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. दोर डेपोच्या गल्लीत असायचा, म्हणजे या जावांकडे. कशालाच मानधन नव्हतं. पण दोर ज्या गल्लीत ती गल्ली वरचढ, हा दोन्हीकडचा जुना हिशेब होता आणि गोदामवाल्यांना तो कायम खुपायचा.

दोर आधी यांच्या सासऱ्याकडे होता. जाताना त्याने कुठल्याच सुनेचं नाव घेतलं नाही. बहुधा जाणूनबुजून, आयुष्यभर त्याने दोघींना झुंजवण्यातच करमणूक शोधली होती. मग न्हाव्याने तोडगा काढला, पद अर्धं अर्धं. दोर घरी ठेवणं, वाळवणं, निगा राखणं आणि मैदानात नेणं थोरलीचं. मैदानात अंथरणं, मधोमध लाल चिंधी बांधणं, खेळ झाल्यावर वेटोळं करणं धाकटीचं. कामं अशी कापली होती की एकीचं संपलं की दुसरीचं सुरू. मधे फक्त ‘घे’ आणि ‘द्या’. लोक म्हणायचे, बघा, विळ्याभोपळ्याचं सख्य असून किती नीट चालवतात. खरं म्हणजे एकीला दुसरीचं काम येत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोर तागाचा, मनगटाएवढा जाड, तीन पेडी. त्याचं वेटोळं खांद्यावर घेऊन घरून मैदानात जायचं आणि वाटेत टेकवायचं नाही, असा नियम होता. टेकवला की पद सोडायचं. नियम कडक होता, पण बरोबर होता. ज्याला ओझं पेलत नाही त्याने ते आपलं म्हणू नये.

त्या वर्षी डेपोत बसच्या पायरीवरून थोरलीचा पाय घसरला आणि उजवा खांदा दुखावला. पुढच्या खेळाच्या रविवारी दोर नेताना सायकलच्या दुकानापाशी तिने वेटोळं विटांच्या ढिगावर ठेवलं. फक्त खांदा बदलण्यापुरतं. समोर एक टेम्पो उभा होता. आत धाकटीचा भाऊ बसला होता. त्याने हाक मारली नाही, हातही पुढे केला नाही. गाडी चालू करून तो सरळ बहिणीकडे गेला.

मैदानात थोरली म्हणाली, “घे.”

धाकटीने हात मागे बांधले. “आधी सांगा, वाटेत टेकवला की नाही तुम्ही?”

“तुला कुणी सांगितलं?”

“ज्याने बघितलं त्याने.”

“तुझ्या भावाला बघण्यावाचून दुसरं येतं काय?”

“तो विषय नाही, जाऊबाई. टेकवला की नाही?”

न्हावी शिट्टी गळ्यात घालून जवळ आला. “वहिनी, काय ते खरं सांगा.”

थोरलीने चारी बाजूंना जमलेल्या लोकांकडे बघितलं. “टेकवला,” ती म्हणाली.

पुढे सगळं भराभर झालं. थोरलीची अर्धी बाजू कोण घेणार असं न्हाव्याने विचारायची खोटी, धाकटीने भावाला पुढे केलं. तो नुकता गल्लीत राहायला आला होता. दुसऱ्या कुणाला ते ओझं वाहायची हौस नव्हती.

“आयत्या बिळावर नागोबा,” थोरली म्हणाली.

“बीळ रिकामं झालं म्हणून,” टेम्पोवाला म्हणाला. त्याच्याकडे हजरजबाबीपणा होता. तेवढं एक होतं.

न्हाव्याने रीत पुन्हा सांगितली. एक महिना नव्या माणसाने जुन्याच्या घरी जाऊन काम शिकायचं. त्यानंतर मुकं वर्ष. वर्षभर जुन्या माणसाने प्रत्येक खेळाला हजर राहायचं, पण आपल्या जुन्या कामाबद्दल कुणाशी अवाक्षर काढायचं नाही. फार पूर्वी एक रेघवाला पद सोडूनही दर खेळाला नव्या माणसाच्या मानगुटीवर बसायचा. दोन माणसं पळून गेली तेव्हा ही रीत पडली. मोडली तर शिक्षा एकट्याला नव्हती, गल्लीला होती.

“दोराबद्दल एक शब्द तोंडातून गेला, की दोर गोदामवाल्यांकडे. कायमचा,” न्हावी म्हणाला. “वहिनी, तुमच्या जिभेवर गल्लीची अब्रू आहे.”

“जीभ माझी गप्पच असते,” थोरली म्हणाली. “हिला विचार.”

शिकायच्या महिन्यात टेम्पोवाला दोनदा आला. दोर थोरलीच्या खोलीत छताखाली तीन लाकडी खुंट्यांवर टांगलेला असायचा, जमिनीला न टेकता, भिंतीपासून सुटा. महिन्यातून एकदा ती त्याला जवसाचं तेल लावायची. चिंधीवर चार थेंब, आणि पेड उलगडून आतपर्यंत चोळायचं, नाहीतर ताग आतून कोरडा पडून तुटतो. पूर्ण दोर करायला अर्धी सकाळ जायची आणि बोटं दिवसभर वळायची नाहीत. टेम्पोवाला यायच्या दिवशी तिने हे सगळं पहाटेच उरकून टाकलं. तेलाचा डबा खाटेखाली सरकवला. तो आला तेव्हा दोर खुंट्यांवर होता आणि ती तांदूळ निवडत होती.

त्याने वर बघितलं. “टांगून ठेवायचा. एवढंच?”

“दिसतंय तेवढं,” थोरली म्हणाली.

“मग इतकी वर्षं मिरवलं कशाचं?”

ती तांदळातले खडे वेचत राहिली. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं ती स्वतःला सांगायची. त्याने विचारलं नाही, कारण तिला विचारण्यात त्याला कमीपणा होता. तिने सांगितलं नाही, कारण न विचारता सांगण्यात तिला कमीपणा होता. महिना संपला. दोर टेम्पोत गेला, आणि थोरलीच्या तोंडाला कुलूप लागलं.

टेम्पोवाला आळशी नव्हता, ही खरी पंचाईत. आळशी असता तर दोर खुंटीवर तसाच राहिला असता आणि वर्ष निघालं असतं. पण त्याला थोरलीपेक्षा जास्त काम करून दाखवायचं होतं. तिच्याबद्दल गल्लीत एकच गोष्ट सगळे मानायचे, की धुवावं तर तिने. मग त्याने दोर धुतला. गाड्या धुवायच्या जागी नेऊन जोराच्या फवाऱ्याने, गरम पाण्याने, साबणाच्या फेसात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतला. मग एका बेकरीच्या भट्टीवर दोन दिवस वाळत टाकला. इतक्या वर्षांचं तेल गेलं, मळ गेला, काळेपणा गेला. दोर मैदानात आला तेव्हा कोवळ्या गवतासारखा फिकट दिसत होता.

“याला म्हणतात निगा,” लोक म्हणाले. गोदामवाल्यांनीसुद्धा हात लावून बघितला.

थोरली कडेला स्टुलावर बसली होती. धाकटी दोर अंथरत होती, आणि जमिनीवर दोर घासला जाई तिथे बारीक भुसा पडत होता. लाकूड चिरल्यावर पडतो तसा. तो थोरलीने बघितला. धाकटीनेही बघितला, पण तिच्या वाट्याला निगा कधी आली नव्हती. तिला वाटलं, स्वच्छ झाला म्हणून झडतोय.

त्या रविवारी गोदामवाल्यांचे निम्मे लोक कामावर होते. खेळ हलका झाला. दोर टिकला.

नळावर धाकटी बादली भरता भरता मुद्दाम मोठ्याने बोलायची. “काय हो जाऊबाई, दोर कसा दिसतो आता? बोला की. की डोळ्यांत कुसळ गेलं?”

थोरली बादलीकडे बघायची.

“एवढी वर्षं काळाकुट्ट ठेवला होता. मला वाटायचं, रंगच तो.”

थोरली बोलली असती तर दोर धाकटीच्या भावाच्याही हातून गेला असता. पण थोरलीच्या तोंडाला काळं लागणार असेल तर धाकटीला तेही चाललं असतं. नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण सवतींपुरती नाही.

पुढचा रविवार मोठा होता. दोन्हीकडचे सगळे जण सुटीवर, बाहेरगावी गेलेले पोरगेही परतलेले. डेपोच्या बाजूला दोराच्या शेवटी नेहमी धाकटीचा मुलगा उभा राहायचा. सगळे त्याला खुंटा म्हणायचे. अंगाने आडवा, डोक्याने शांत. दोराचं टोक पाठीवरून, खांद्यावरून अंगाभोवती घेऊन तो टाच रोवायचा आणि मग त्याला हलवणं म्हणजे भिंत हलवणं. आईचं भांडण तो घरात ठेवायचा. थोरलीला काकू म्हणायचा आणि तिची गॅसची टाकी आणून द्यायचा. दोर तुटला तर पहिला फटका त्यालाच बसणार होता. मागे दोर तुटला तेव्हा गवंडी त्याच जागी उभा होता.

त्या सकाळी थोरलीने त्याला दारात गाठलं. “आज जाऊ नकोस.”

“कुठे?”

“खेळायला.”

“का काकू?”

थोरलीने त्याच्या कपाळाला हात लावला. “अंग गरम वाटतंय तुझं.”

तो हसला. “माझं अंग कायमच गरम असतं. मी नाही गेलो तर खुंटा कोण होणार, माझा बाप?”

भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला, “त्याला काय शिकवताय हो? हरावं म्हणून देव पाण्यात घालून बसलाय का?”

खुंटा गेला. थोरली आत वळली. मग कामावरची पिशवी खांद्याला लावून मैदानात गेली आणि आपल्या स्टुलावर बसली.

मैदान भरलं होतं. गवंड्याने चुन्याची रेघ टाकली. धाकटीने दोर अंथरला, चिंधी बांधली. भुसा पडला. खुंट्याने टोक अंगाभोवती घेतलं आणि टाच रोवायला जागा उकरू लागला. न्हावी लोकांना मागे सारत होता. बाकीच्यांनी अजून दोराला हात लावला नव्हता.

थोरली उठली. शांतपणे खुंट्यासमोर गेली, आणि भाजी चिरायला बसावं तशी दोरापाशी मांडी घालून बसली. लोकांना वाटलं, म्हातारी जुन्या दोराला नमस्कार करतेय. कुणी तरी म्हणालंही, “जीव असतो हो वस्तूत.” तिने पिशवीतून लोखंडी पट्टी काढली आणि दोर कापायला घेतला.

मनगटाएवढा दोर एका घावात कापला जात नाही. पट्टी पुढे-मागे ओढावी लागते आणि दुखरा खांदा प्रत्येक ओढीला ओरडतो. पहिला पेड तुटला तेव्हा आवाज झाला. तेव्हा कुठे लोकांना कळलं.

“काकू, काय करताय?” खुंट्याने विचारलं.

तिने मान वर केली नाही. दोर सैल होता आणि पट्टी घसरत होती. खुंट्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पलीकडून धावत येणाऱ्या मामाकडे. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो दोन पावलं मागे सरला आणि दोर ताणून धरला. पट्टी बसली. दुसरा पेड गेला. टेम्पोवाला पोचून तिचा हात धरेपर्यंत तिसराही गेला.

धाकटी आली ती मुलावरच. “तू तिला मदत केलीस?”

“मी नुसता धरला होता.”

“आईचा मान कापत होती ती, आणि तू धरून उभा राहिलास?”

“दोर कापत होत्या, आई.”

धाकटीने त्याच्या थोबाडीत दिली. मग थोरलीकडे वळली. त्या दोघींनी इतक्या वर्षांत जे भिंतीला सांगितलं होतं ते सगळं धाकटीने दोन्ही गल्ल्यांसमोर सांगितलं. पोटात जळतं, दुसऱ्याचं बरं बघवत नाही, आपल्याला नाही तर कुणालाच नाही, सासऱ्याचं नाव बुडवलं. लोकही मागे राहिले नाहीत. गोदामवाल्यांना तर आयतंच मिळालं. थोरली पट्टी पिशवीत ठेवून उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. बोलायला हवं तेच बोलता येत नव्हतं, आणि दुसरं बोलायची तिला गरज वाटली नाही.

“दोर सडका होता म्हणून कापलात का?” न्हाव्याने हळूच विचारलं. “नुसती मान हलवा.”

तिने मान हलवली नाही. तो नियम होता आणि तो मोडणारी ती नव्हती.

“सडका?” टेम्पोवाला उसळला. “आत्ता दाखवतो.” त्याने दोराचा मोठा तुकडा उचलला, एक टोक मैदानाच्या कडेच्या झाडाला बांधलं, दुसरं टेम्पोच्या बंपरला, आणि गाडी पुढे काढली. दोर ताणला. करकरला. मोठा आवाज झाला आणि बंपर निखळून जमिनीवर पडला. दोर तसाच राहिला.

“बघा,” धाकटी म्हणाली. “धडधाकट दोर.”

“बंपर गंजका होता,” गवंडी म्हणाला. त्याने तीन बोटांनी दोराचा पेड उलगडून बघितला, नाक मुरडलं आणि सोडून दिला. त्यावर दोन तट पडले. पुढे कित्येक महिने ते भांडण चाललं. दोर तुटला असता की नाही, हे आजतागायत कुणालाही सांगता येणार नाही. थोरलीलाही नाही.

न्हाव्याने निवाडा दिला. थोरली बोलली नाही, तेव्हा पद गल्लीतच राहील, टेम्पोवाल्याकडे. पण दोर तिने कापला, तेव्हा नवा दोर तिने द्यायचा. गल्लीतून वर्गणी नाही.

“आणि घरचं भांडण यापुढे मैदानात नको,” तो दोघींना म्हणाला.

“मी काय कापलं?” धाकटी म्हणाली.

थोरली त्याच उन्हाळ्यात काम सोडणार होती. खांदा आता वर जात नव्हता. तिने सोडलं नाही. उलट मुकादमाकडून जादा बस मागून घेतल्या. टपाला ब्रश पोचेना म्हणून ती डाव्या हाताने शिकली. आधी रेषा उठायच्या, मग उठेनाशा झाल्या. दोराविना दोन खेळ बुडाले. गल्लीत तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, खुंटा सोडून, आणि तोही आई घरात नसताना.

“काकू, मला सांगाल? कुणाला कळणार नाही,” त्याने एकदा टाकी ठेवताना विचारलं.

“टाकी भिंतीला लाव,” ती म्हणाली.

हातात पुरेसा पगार साठला तेव्हा ती बंदराच्या रस्त्यावरच्या दोराच्या दुकानात गेली. दुकानदाराने आधी तागाचा दाखवला, तसाच, तीन पेडी. तिने नाकाशी धरला. कच्च्या तेलाचा वास आला. तिने बराच वेळ तो खाली ठेवला नाही.

“आणि तो?” तिने फळीवरच्या निळ्याकडे बोट केलं.

“तो बोटी बांधायचा. धागा कारखान्यातला. ताणत नाही, कुजत नाही.”

“याला तेल?”

“कशाला?”

“भिजला तर?”

“भिजू दे. उन्हात टाका, चिखलात टाका. मावशी, हा घ्या आणि विसरून जा.”

“राखायला माणूस लागत नाही?”

दुकानदार हसला. “राखणार काय त्याचं?”

तागाचा दोर तिने जागेवर ठेवला. निळा मागितला.

शेवटच्या रविवारी तिने तो हमालाच्या गाडीवर घालून मैदानात आणला. खांद्यावर नेणं आता तिचं काम नव्हतं. टेम्पोवाल्यासमोर गाडी उभी केली आणि स्टुलावर जाऊन बसली.

“निळा?” धाकटी म्हणाली. “दोर निळा असतो होय?”

खुंट्याने टोक अंगाभोवती घेऊन मागे अंग टाकलं. दोर तसूभर ताणला नाही. “चांगला आहे,” तो म्हणाला. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

टेम्पोवाल्याने पहिल्यांदा तो घरात टांगला. मग एकदा गाडीतच विसरला. पावसात भिजला, आणि काही झालं नाही. मग तो तिथेच राहू लागला. एका रविवारी गाडी नादुरुस्त होती तेव्हा गोदामवाल्यांचाच एक पोरगा दोर घेऊन आला, वाटेत दोनदा खाली ठेवून, आणि कुणी काही बोललं नाही. अंथरायला, गुंडाळायला आता कुणीही हात लावायचं; धाकटीकडे चिंधी बांधणं तेवढं उरलं होतं. मग कुणीतरी दोराला मधोमध रंगाचा पट्टा मारला.

मुकं वर्ष संपलं त्या दिवशी न्हावी थोरलीच्या स्टुलापाशी आला. “वहिनी, झालं वर्ष. आता दोराबद्दल काय बोलायचं ते बोला.”

धाकटी चार पावलांवर उभी होती. कान टवकारून ती ऐकत होती.

“बोलण्यासारखं त्यात काय आहे?” थोरली म्हणाली.

खेळ झाल्यावर टेम्पोवाल्याने दोर गोळा करून टेम्पोत मागे फेकला आणि त्याच्यावर सिमेंटची पोती रचली. जादा बस धुऊन, डाव्या हाताने टप घासून मिळवलेला सगळा पगार त्या दोरात गेला होता. तो पोत्यांखाली ओला, चिखलाने भरलेला, वेडावाकडा पडून होता, आणि त्याचं काहीही बिघडत नव्हतं.